मागच्या खोलीचं काय?

गेले सात महिने मी आमचं घर विकत होतो. व्यवहार संपला, पैसे वाटून झाले, आता लिहायला हरकत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरामागे, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये नकाशात नसलेली एखादी खोली असणार, म्हणून लिहितोय. रागावू नका, आमच्याकडेही होती.

शहराचं नाव घेत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं, महापालिका असलेलं शहर. नोकरदारांच्या गृहनिर्माण सोसायटीत वडिलांना प्लॉट मिळाला आणि १९८७ साली घर झालं. रीतसर नकाशा मंजूर, रीतसर कम्प्लिशन. वडील कागदपत्रांच्या बाबतीत इतके काटेकोर की सिमेंटच्या पावत्यासुद्धा फाईलला लावलेल्या. आणि याच माणसाने १९९६ साली कुणालाही न विचारता मागच्या मोकळ्या जागेत दहा बाय चौदाची खोली बांधली. आजीला जिना चढवेना आणि खाली संडास नव्हता, एवढंच कारण. गवंड्याला विचारलं, परवानगी लागेल का रे? तो म्हणाला, साहेब, मागच्या अंगाला आहे, कोण बघतंय. तीन आठवड्यांत खोली उभी. आजी तिथे सहा वर्षं राहिली. नंतर एक कॉलेजचा मुलगा भाड्याने राहिला, मग आईचं शिलाई मशीन आणि दिवाळीचे आकाशकंदील.

२००५ च्या सुमाराला घरपट्टीची फेरआकारणी करायला महापालिकेची माणसं आली. टेप लावून सगळं घर मोजलं, मागची खोलीही मोजली, चहा घेतला आणि गेली. पुढच्या वर्षी बिल वाढून आलं. वडिलांनी ते बिल फाईलला लावलं आणि वर लाल शाईने लिहिलं, ‘खोलीची नोंद झाली.’ २०१९ साली ते गेले तोवर त्यांची पक्की समजूत होती की महापालिकेने खोली मान्य केली आहे. पट्टी घेतात ना? मग?

या ‘मग?’मध्येच सगळा घोळ आहे. महाराष्ट्रात लाखो लोकांची समजूत हीच आहे, आणि ती चुकीची आहे. कर आकारणारा विभाग जागेवर काय आहे ते बघतो. नकाशात काय होतं हे बघणं त्याचं कामच नाही. महानगरपालिका अधिनियमात २६७ अ असं एक कलम आहे. बेकायदा बांधकामावर कराखेरीज शास्ती लावायची ती या कलमाखाली. त्यातच लिहून ठेवलंय की कर आणि शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये. म्हणजे एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर तुमच्या खोलीचे पैसे घेतात आणि वरच्या मजल्यावर तीच खोली कायद्याने उभीच नसते.

तर घर विकायला काढलं. आई आता माझ्याकडे असते, बहीण नागपूरला. एजंट आला, घर बघितलं, मागची खोली बघून खूश झाला. “सर, हा तर प्लस पॉइंट. आउटहाउस म्हणून जाहिरात करू.” मी म्हटलं, ती नकाशात नाही. त्यावर तो अजिबात दचकला नाही. म्हणाला, “मग नकाशा दाखवायचाच कशाला? घरपट्टीची पावती दाखवायची. पार्टी पावतीच बघते.” खरेदीखतात काय लिहायचं, तेही त्याच्याकडे तयार होतं: ‘सदर मिळकतीवरील सध्या अस्तित्वात असलेल्या बांधकामासह.’ या वाक्यात सगळं येतं आणि काहीच सांगितलं जात नाही. किती दस्तांत हे वाक्य असेल, देव जाणे. दुय्यम निबंधक मंजूर नकाशाशी ताडून बघत नाही. त्याचा संबंध मूल्यांकनाशी आणि मुद्रांक शुल्काशी. दस्तात जास्त बांधकाम लिहिलं तर सरकारला शुल्कही जास्तच मिळतं.

वकील सर्च रिपोर्ट देतो तेव्हा काय होतं, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. तीस वर्षांचे दस्त शोधून तो सांगतो की मालकी साफ आहे, बोजा नाही. ‘टायटल क्लिअर’ म्हणजे जमीन आणि हक्क यांच्याबद्दलचं मत. मागच्या खोलीबद्दल त्यात एक अक्षर नसतं. घेणारा मात्र समजतो की वकिलाने सगळं तपासलं.

पसंत करणारं जोडपं तिशीतलं. ती एका इस्पितळात नर्स, तो एमआयडीसीत. त्यांनी घर पसंत केलं ते मागच्या खोलीमुळेच. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना चढता येत नाही. तिने ती खोली बघितली, संडासाचा दरवाजा उघडून बघितला आणि नवऱ्याला म्हणाली, “आईंना इथे बरं पडेल.” तीस वर्षांनी त्याच कारणासाठी तीच खोली कुणाला तरी हवी होती. एजंटने मला डोळ्याने खुणावलं, गप्प बसा. आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या दिवशी मी गप्प बसलो.

रात्री झोप लागली नाही वगैरे लिहिणार नाही, छान लागली. दोन दिवसांनी वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी मालमत्ता हस्तांतरण कायदा काढून दाखवला. १८८२ चा कायदा, कलम ५५. मिळकतीत किंवा मालकीत एखादा महत्त्वाचा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितला पाहिजे. न सांगणं ही लबाडी समजली जाईल, असं त्याच कलमाच्या शेवटी आहे. मी विचारलं, पण खोली तर त्यांना दिसते आहे, लपवलं काय? वकील हसले. म्हणाले, खोली दिसते हो, तिला कागद नाही हे कुठे दिसतं? कोर्टात तुम्ही म्हणाल, साधारण काळजी घेतली असती तर कळलं असतं, नकाशा मागायचा होता. ते म्हणतील, आम्ही घरपट्टीची पावती बघितली. वीस वर्षं भांडा.

आणि भांडताना नोटीस कुणाच्या दारावर लागणार? प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ५३ असं की विनापरवाना बांधकाम काढण्याची नोटीस मालकाला जाते. मालक म्हणजे त्या दिवशी जो असेल तो. १९९६ साली बांधणारा माणूस फोटोत, विकणारा पैसे घेऊन मोकळा, आणि नोटीस त्या नर्सच्या हातात. कलम ५२ खाली विनापरवाना बांधकामाला एक महिना ते तीन वर्षं तुरुंगवास आणि दोन ते पाच हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. पाच हजार! खोलीचं महिन्याचं भाडंही आता एवढं येतं. कुणाला धाक वाटणार?

मी त्या दोघांना फोन करून सांगितलं. मोठेपणा काही नाही, कलम ५५ ची भीती हेच खरं कारण. ती म्हणाली, “काका, सांगितलंत ते बरं झालं, पण आता आमच्या कर्जाचं काय?” त्याचं उत्तर बँकेच्या व्हॅल्युअरने आठवड्याभरात दिलं. तो मंजूर नकाशा घेऊन आला, मागे उभा राहिला, दोन फोटो काढले. त्याच्या अहवालात खोलीची किंमत शून्य आणि शेरा ‘नकाशाव्यतिरिक्त बांधकाम’. बँकेने कळवलं, हे काढा, मग कर्ज. अलीकडे बँका याबाबत जास्त कडक झाल्या आहेत. १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या शास्त्रीनगरमधल्या एका प्रकरणात निकाल दिला. राहण्याच्या प्लॉटवर दुकानं बांधलेली, तीही कित्येक वर्षांपूर्वीची. न्यायालय म्हणालं की काळ लोटला, अधिकारी गप्प बसले, पैसे गुंतवले, या कारणांनी बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. त्याच निकालात बँकांना सांगितलंय की पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासल्याशिवाय इमारतीवर कर्ज देऊ नका.

मग आर्किटेक्टकडे गेलो. खोली नियमित करून घेता येईल का? कायद्यात तशी सोय आहे, झालेलं बांधकाम ठेवण्यासाठी परवानगी मागता येते. त्याने मोजून सांगितलं की एफएसआयचा प्रश्नच नाही, तुमच्या प्लॉटवर भरपूर शिल्लक आहे. २०२० च्या एकत्रित नियमावलीने तर अधिमूल्य भरून आणखी घेता येतो. अडचण सामासिक अंतराची. मागच्या कुंपणापासून जेवढी जागा मोकळी ठेवायला हवी, तिथेच खोली उभी. एफएसआय विकत मिळतो हो, पण कुंपण मागे कसं सरकवणार? आयुक्तांच्या अधिकारात सवलत मागता येते, पण वेळ किती लागेल आणि मिळेलच का, सांगता येत नाही. वर त्याने मित्र म्हणून सल्ला दिला. “अर्ज केलात की तुम्ही स्वतःच कबुली दिलीत. अर्ज फेटाळला की नोटीस. आत्ता कुणाला माहीत नाही.”

आत्ता कुणाला माहीत नाही! वीस वर्षं त्या खोलीची पट्टी भरतोय आणि कुणाला माहीत नाही.

इथे बहिणीचा फोन. तिचं म्हणणं मी जसंच्या तसं देतो, कारण ते मूर्खपणाचं नाही. “दादा, बांधताना बाबांनी कुणाला विचारलं नाही, मग विकताना तूच कशाला सांगत सुटलास? सगळी गल्ली अशीच आहे. रोखीचं गिऱ्हाईक बघ, त्याला बँक नको, नकाशा नको. तुझ्या तत्त्वापायी माझ्या मुलीच्या फीचे पैसे जाणार.” रोखीचं गिऱ्हाईक होतंही. एजंट ब्याण्णव लाख म्हणत होता, खोली आहे तशी. खोली काढून सत्त्याऐंशी. म्हणजे तिच्या वाट्याचे अडीच लाख. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही.

मीही डगमगलो होतो. मनात एकच मुद्दा होता, या खोलीने कुणाचं काय बिघडलं? मागच्या बंगल्यातले काका घर विकतोय हे ऐकून आले, तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. वय ऐंशीच्या पुढे, वडिलांचे मित्र. चहा झाला, वडिलांच्या आठवणी झाल्या. उठताना म्हणाले, “आता तरी ती खोली निघणार का रे?” मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं की आमच्या संडासाची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरासमोर, दहा फुटांवर. काकूंनी ती खिडकी १९९६ पासून उघडली नव्हती. उजेडासाठी दिवसा ट्यूब लावायच्या. काकू गेल्यालाही पाच वर्षं झाली. मी विचारलं, काका, बाबांना कधी सांगितलं नाहीत? म्हणाले, “तुझ्या आजीसाठी बांधली होती. काय सांगणार?”

सामासिक अंतर हा शब्द मी तोवर नियमावलीतला एक आकडा म्हणून ऐकत होतो. मोकळी जागा आमच्या हद्दीत असली, तरी तिचा उपयोग अर्धा मागच्या घराला असतो, हवा आणि उजेड दोघांचा. आग लागली तर माणसं आत शिरणार तिथूनच. आम्ही आमची अडचण सोडवली होती आणि तिची किंमत काकूंच्या स्वयंपाकघराने भरली होती. अनधिकृत बांधकामावर इतकी भाषणं होतात, पण नुकसान शेजाऱ्याचं होतं हे कुणी बोलत नाही, कारण शेजारी भिडेखातर गप्प असतो आणि बहुतेक वेळा त्याचंही पत्र्याचं काहीतरी पुढे आलेलं असतं.

आता सरकारबद्दल. दर काही वर्षांनी नियमितीकरण येतं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारीला संधी होती. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. वीस वर्षांची उडी! उल्हासनगरसाठी २००६ साली वेगळा कायदा. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात ५२ अ कलम आलं, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी. पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकर वर्षानुवर्षं चढत गेला, प्रत्येक निवडणुकीत गाजला आणि २०२३ मध्ये माफ झाला. यातून सामान्य माणूस काय शिकला? थांबा, तारीख पुढे सरकेल.

गुंठेवारीत अर्धा-एक गुंठा घेऊन राहणाऱ्या माणसाला मी आमच्या पंगतीला बसवत नाही. त्याला कायदेशीर घर परवडेल अशी व्यवस्थाच आपण उभी केली नाही. त्याच्या डोक्यावरचं एकुलतं छप्पर आणि आमच्या बंगल्यामागची चौदा फुटी खोली यांना एकच माप लावणं अन्याय आहे. पण आमच्यासारखे मध्यमवर्गीय त्याच्या आडोशाला उभे राहतात आणि गरिबांसाठी म्हणून आलेल्या माफीचा फायदा आपल्या गच्चीवरच्या खोलीला मिळवतात, हे रोज दिसतं.

माझी मागणी छोटी आहे. मंजूर नकाशातलं क्षेत्र एका विभागाकडे आहे. जागेवर मोजलेलं क्षेत्र दुसऱ्या विभागाकडे आहे. हे दोन आकडे घरपट्टीच्या बिलावर शेजारी शेजारी छापा. मंजूर इतकं, आकारलेलं इतकं. फरक असेल तर तो दिसू दे. घर घेणारा ते बिल बघतोच, त्याला वकील लागणार नाही. बंगळूरमध्ये बी खातं नावाचा प्रकार आहे. नियमात न बसणारी मिळकत कर भरते, पण तिची नोंद वेगळ्या वहीत असते, आणि ‘बी’ हे अक्षर बघितलं की घेणारा सावध होतो. त्या पद्धतीचेही पुष्कळ घोळ आहेत, बी चं ए करून देतो म्हणून तिथेही राजकारण चालतं. पण निदान अक्षर कागदावर असतं. आपल्याकडे पावतीच खोटा दिलासा देते.

जुने नकाशे सापडत नाहीत, हे उत्तर मला माहीत आहे. आमचा १९८७ चा नकाशाही कार्यालयात सापडला नाही, वडिलांच्या फाईलमध्ये होता. जिथे सापडत नाही तिथे ‘नकाशा उपलब्ध नाही’ असं छापा. तीही माहितीच आहे. आणि जो मालक आपणहून फरक सांगेल, त्याला नोटिशीआधी ठराविक मुदत द्या, बसत असेल तर नियमित करायला, नसेल तर काढायला. आज कायदा असा चालतो की सांगणारा सापडतो आणि गप्प बसणारा पुढच्या तारखेची वाट बघतो. खरेदीखताला मंजूर नकाशाची प्रत जोडणं सक्तीचं केलं, तर तो ‘अस्तित्वात असलेल्या बांधकामासह’ प्रकारही बराचसा थांबेल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की जुनी घरं विकलीच जाणार नाहीत, भाव पडतील. पडतील. आमच्या घराचा पाच लाखांनी पडला. पण ते पाच लाख आमचे नव्हतेच. नसलेल्या खोलीचे पैसे घेऊन आम्ही तो धोका त्या नर्सच्या गळ्यात घालणार होतो. दुसरा आक्षेप, परवानगी घ्यायला गेलं की चकरा आणि चिरीमिरी, म्हणून लोक न विचारता बांधतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. १९९६ साली वडील अर्ज घेऊन गेले असते तर त्यांनाही चपला झिजवाव्या लागल्या असत्या. आजीला तेवढा वेळ नव्हता. म्हणून वडिलांना मी गुन्हेगार म्हणणार नाही. पण माझ्याकडे आजीही नव्हती आणि घाईही नव्हती.

शेवटी बहिणीला सगळं पुन्हा समजावलं, काकूंच्या खिडकीसकट. पाडायचा खर्च माझा, या बोलीवर ती तयार झाली. पूर्ण पटलं नाही तिला, अजूनही नाही. खोली दोन दिवसांत निघाली, डबर उचलायलाच चार दिवस लागले. व्हॅल्युअर पुन्हा आला, कर्ज मंजूर झालं, सत्त्याऐंशीला खरेदीखत झालं, त्याला मंजूर नकाशा जोडला. त्या दोघांनी तळमजल्यावरच्या माजघराचा कोपरा घेऊन सासूसाठी संडास करायचा ठरवलाय, आतला बदल असला तरी आधी आर्किटेक्टला विचारून.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. नावावर करायला घरपट्टीचा उतारा काढला तर त्यात मागची खोली आहे. एकशे चाळीस फूट, पट्टीसकट. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, पाडल्याचा वेगळा अर्ज द्या, माणूस येऊन मोजून जाईल, मग कमी होईल. अर्ज मीच लिहून दिलाय. माणूस अजून आलेला नाही.